क्लास डायग्राम काढता येतो, पण डिझाइन जमत नाही. शिकायचं तरी कसं?

सांजवेळ

नमस्कार मंडळी,

काही वर्षं जावात कोड लिहिते आहे, मधूनमधून पायथन. क्लास, इंटरफेस, इनहेरिटन्स हे सगळं हाताखालून गेलं आहे. यूएमएलचा, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना चित्रांत मांडायच्या प्रमाण चिन्हभाषेचा, एक अभ्यासक्रमही केला. पोकळ त्रिकोणाचा बाण म्हणजे इनहेरिटन्स, तुटक रेघेचा बाण म्हणजे डिपेंडन्सी, भरीव हिरा म्हणजे कंपोझिशन, सगळं पाठ. डिझाइन पॅटर्नची (वारंवार येणाऱ्या अडचणींवरच्या ठरावीक रचनांची) दहा-बारा नावं झोपेतून उठवून विचारलीत तरी सांगेन.

घोडं पुढे अडतं. सध्या मीटिंग रूम बुक करायची एक प्रणाली करते आहे, अंतर्गत वापरासाठी. लोक रूम बुक करणार, कॅन्सल करणार, दर आठवड्याची मीटिंग एकदाच नोंदवता यायला हवी, रूम भरलेली असेल तर वेटिंग लिस्ट. क्लास डायग्राम काढला: मीटिंगरूम, मेंबर, बुकिंग, वीकलीबुकिंग (बुकिंगचा सबक्लास, म्हणजे उपप्रकार), वेटिंगलिस्ट आणि बुकिंगमॅनेजर. चित्र दिसायला झकास. कोड लिहायला घेतला की मात्र सगळं लॉजिक बुकिंगमॅनेजरमध्ये जमा होतं आणि बाकीच्या क्लासांत गेटर-सेटरशिवाय, म्हणजे नुसती माहिती वाचण्या-बदलण्याशिवाय, काही उरत नाही.

म्हणून प्रश्न. डायग्राम कोडच्या आधी काढायचा की नंतर? यूएमएलमध्ये १४ प्रकारचे डायग्राम आहेत, त्यातले तुम्ही खरोखर किती वापरता? आणि पॅटर्न अशा पद्धतीने कसे शिकायचे की वेळेवर आठवतील, आणि नको तिथे आठवणार नाहीत?

पुस्तकांची यादी कृपया नको, ती माझ्याकडे आहे आणि तीच तर अडचण आहे.

नलपॉइंटर

मॅनेजर सगळं काम करतो आणि बाकीचे नुसती माहिती पुरवतात? असं ऑफिस कुठे असेल तर कळवा, अर्ज करतो.

शेवाळ

=)) वाचनखूण साठवली आहे. माझाही हाच प्रश्न.

खडूफळा

सांजवेळ ताई, प्रश्न नेमका मांडलात, म्हणून सविस्तर लिहितो. हा विषय शिकवत आलो आहे आणि जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी याच जागी अडकलेला पाहिला आहे.

क्लास डायग्राम म्हणजे नाटकाच्या सुरुवातीला छापलेली पात्रांची यादी. कोण कोणाचा कोण ते कळतं, नाटक कळत नाही. तुम्ही यादीपासून सुरुवात केलीत, म्हणजे रिक्वायरमेंटमधली नामं उचलून चौकटी केल्या. मग संवाद लिहायची वेळ आली तेव्हा सगळे संवाद एकाच पात्राच्या तोंडी गेले.

उलटं करून बघा. १९८९ साली केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी सीआरसी कार्डांची पद्धत मांडली होती. एका क्लासला एक कार्ड. वर क्लासचं नाव, डावीकडे त्याच्या जबाबदाऱ्या, उजवीकडे त्या पार पाडायला ज्यांची मदत लागते ते क्लास. कार्ड मुद्दाम छोटं. जबाबदाऱ्या त्यावर मावेनाशा झाल्या की क्लास फार खातोय हे डोळ्यांना दिसतं. तुमच्या मॅनेजरचं कार्ड करून बघा, पाठीमागेही लिहावं लागेल.

आता एकच प्रसंग घ्या: 'एकाला मंगळवारी १० ते ११ रूम हवी आहे.' रूम मोकळी आहे का, हे कोणाला माहीत असायला हवं? ज्याच्याकडे त्या रूमची बुकिंग आहेत त्याला. ते रूमकडे ठेवायचं, की रूमच्या कॅलेंडर नावाच्या वेगळ्या ऑब्जेक्टकडे? मी कॅलेंडर म्हणेन, कारण रूमची आसनसंख्या आणि प्रोजेक्टर यांचा बुकिंगांशी संबंध नाही. पुढचा प्रश्न: दोन वेळा एकमेकांवर येतात का, हे कोण ठरवणार? इथे विद्यार्थी हमखास चार तारखांची तुलना मॅनेजरमध्ये लिहितात. खरं तर इथे एक क्लास लपलेला आहे जो तुमच्या चित्रात नाहीच: टाइमस्लॉट. सुरुवात आणि शेवट एवढंच त्याच्याकडे, आणि 'मी दुसऱ्या स्लॉटवर येतो का' याचं उत्तर तो देतो. पहिल्याची सुरुवात दुसऱ्याच्या शेवटाआधी आणि दुसऱ्याची सुरुवात पहिल्याच्या शेवटाआधी, संपलं. सुरुवातीचा क्षण धरायचा, शेवटचा धरायचा नाही, म्हणजे १० ते ११ आणि ११ ते १२ यांचं भांडण होत नाही. हा नियम एकाच जागी राहतो.

रिक्वायरमेंटमध्ये 'टाइमस्लॉट' हे नाम बहुधा नव्हतंच. नामं शोधून तो सापडला नसता, प्रश्न कोणाला विचारायचा हे शोधताना सापडला. माझ्या मते डिझाइन शिकणं म्हणजे मुख्यतः हेच.

सांजवेळ

खडूफळा सर, टाइमस्लॉटचा मुद्दा लख्ख कळला. माझ्या मॅनेजरमध्ये ती तुलना तीन ठिकाणी आहे आणि एका ठिकाणी बरोबरीचं चिन्ह वेगळं आहे. आत्ताच पाहिलं.

तिरकस_बाण

थोडा विरोधी सूर लावतो, ह. घ्या.

यूएमएल शिकण्यात वेळ घालवू नका. २०१३ साली मॅरियन पेत्रे या संशोधिकेने ५० व्यावसायिक सॉफ्टवेअर इंजिनिअरांच्या मुलाखतींवर आधारित निबंध प्रसिद्ध केला. त्यातले ३५ जण यूएमएल अजिबात वापरत नव्हते. मनापासून, सगळीकडे वापरणारा एकही नव्हता.

आणि पॅटर्न म्हणाल तर पीटर नॉरविग यांनी १९९६ मध्येच दाखवलं होतं की चार लेखकांच्या 'डिझाइन पॅटर्न्स' या पुस्तकातल्या प्रसिद्ध २३ पैकी १६ पॅटर्न लिस्प किंवा डायलनसारख्या भाषेत एकतर फार सोपे होतात किंवा दिसेनासेच होतात. स्ट्रॅटेजी म्हणजे काय? एक फंक्शन दुसऱ्या फंक्शनला दिलं. त्यासाठी एक इंटरफेस, तीन क्लास आणि एक डायग्राम. जावाने लोकांना सवय लावली आणि मग त्या सवयीलाच शहाणपण म्हणायला लागले.

फंक्शन, साधा डेटा आणि टेस्ट. हाकानाका.

नलपॉइंटर

तुमच्या सदस्यनावातच डायग्रामचं चिन्ह आहे ओ.

जुनाखांब

तिरकसराव, आकडे बरोबर दिलेत, पण त्याच मुलाखतींत ११ जण यूएमएल निवडून-निवडून वापरणारे होते, ते गाळलंत. मीही त्याच जातकुळीतला. फळ्यावर दोन चौकटी, चार बाण, चर्चा संपली की पुसलं. त्या बाणाचं टोक भरीव की पोकळ यावर कोणी अडलं तर चर्चा भलतीकडे चालली आहे असं समजायचं.

यूएमएलचा इतिहास पाहिला की त्याचा जडपणा समजतो. नव्वदच्या दशकात प्रत्येकाची चिन्हं निराळी. बूच यांचे ढगांसारखे क्लास, रम्बॉ यांचं ओएमटी, याकोबसन यांच्या यूज केस. हे तिघे एकाच कंपनीत आले, चिन्हांची मोट बांधली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये ओएमजी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ते मानक म्हणून स्वीकारलं. तिघांचं सगळं सामावून घ्यायचं म्हटल्यावर सुटसुटीत कुठून राहणार? गंमत म्हणजे ज्या पॅटर्नच्या पुस्तकाशी यूएमएलची कायम जोडी लावली जाते ते १९९४ चं. त्यातले क्लास डायग्राम ओएमटीवर बेतलेले आहेत, यूएमएल तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. म्हणजे चिन्हं बदलली तरी विचार शाबूत राहतो.

आता मूळ मुद्दा. सांजवेळ, १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी एक छोटा निबंध लिहिला, प्रणालीचे तुकडे कशाच्या आधारावर पाडायचे यावर. तेव्हाची पद्धत होती की फ्लोचार्ट काढायचा आणि प्रत्येक पायरीचं एक मॉड्यूल करायचं. त्यांनी एकच प्रोग्राम दोन रीतींनी तोडून दाखवला आणि म्हटलं की पायऱ्यांवरून तोडू नका. कठीण किंवा पुढे बदलण्याची शक्यता असलेल्या निर्णयांची यादी करा आणि एकेक निर्णय एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवा. त्यात ना क्लास आहे, ना यूएमएल. तरी डिझाइनचं इतकं थेट सूत्र मला दुसरीकडे मिळालं नाही.

तुमच्या प्रणालीत ती यादी करा. कॅन्सल करायला किती वेळ आधीपर्यंत परवानगी? बदलणार, नक्की बदलणार. वेटिंग लिस्टमध्ये आधी आलेला आधी, की वरिष्ठाला प्राधान्य? कोणीतरी वरिष्ठ हा प्रश्न लवकरच विचारेल. कळवायचं मेलने की चॅटवर? बदलणार. आठवड्याला सात दिवस? हे बदलणार नाही, त्यासाठी इंटरफेस करू नका.

पहिल्या तीन ठिकाणी शिवण ठेवा, म्हणजे बाकी कोडला हात न लावता तेवढाच भाग बदलता येईल. त्या शिवणीला पॅटर्नचं नाव स्ट्रॅटेजी असो की नुसतं फंक्शन असो, माझी हरकत नाही. तिरकसरावांचीही नसावी.

तिरकस_बाण

नाही. ह्याला +१. पार्नास आमच्याकडेही चालतात.

रानपाखरू

सिद्धांत ठीक, पण मुलाखतीत काय सांगायचं? मला मागच्या महिन्यात विचारलं, "सिंगलटन थ्रेड-सेफ कसा कराल?" डबल चेक्ड लॉकिंग लिहून दाखवलं, व्होलाटाइल विसरलो नाही, ते खूश. पण आयुष्यात सिंगलटन, म्हणजे ज्याचा एकच ऑब्जेक्ट बनू शकतो असा क्लास, कधी लागला ते आठवत नाही.

अर्धविराम

रानपाखरू, मुलाखतीसाठी शिकलात ते योग्यच, पण सिंगलटनची सवय लावून घेऊ नका. त्या पुस्तकाच्या चार लेखकांपैकी एरिक गॅमा यांनीच २००९ च्या मुलाखतीत सिंगलटन यादीतून काढून टाकावा असं मत दिलं होतं. कारण टेस्ट लिहिणाऱ्याला लगेच कळतं: तो सुटाबुटातला ग्लोबल व्हेरिएबल आहे. एका टेस्टने त्यात बदल केला की दुसरी टेस्ट भलत्याच कारणाने पडते. आणि कोण कोणावर अवलंबून आहे हे कन्स्ट्रक्टरवरून दिसायचं बंद होतं. एकच ऑब्जेक्ट हवा असेल तर सुरुवातीला एकच बनवा आणि ज्याला हवा त्याला हातात द्या.

सांजवेळ, मला तुमच्या चित्रातली दुसरी गोष्ट खटकली आणि आश्चर्य म्हणजे अजून कोणी बोललं नाही. वीकलीबुकिंग हा बुकिंगचा सबक्लास. मराठीत वाक्य बरोबर बसतं: 'साप्ताहिक बुकिंग हे एक बुकिंग आहे.' कोडमध्ये बसत नाही. बुकिंगला विचारा, 'तुझा टाइमस्लॉट कोणता?' एक उत्तर येतं. वीकलीला विचारा. कुठलं उत्तर देणार, पहिल्या आठवड्याचं? बुकिंग कॅन्सल केलं म्हणजे काय ते स्पष्ट आहे. वीकली कॅन्सल केलं म्हणजे फक्त येता मंगळवार, की येता मंगळवार आणि पुढचे सगळे, की झाडून सगळे? जो कोड बुकिंग हातात घेऊन चालतो त्याला इथे 'हा वीकली तर नाही ना' असं तपासावं लागेल. असं तपासावं लागलं की समजायचं सबक्लासने शब्द मोडला. बार्बरा लिस्कोव यांनी १९८७ च्या भाषणात मांडलेलं सूत्र हेच: जिथे मूळ प्रकार चालतो तिथे उपप्रकार कोणाच्या लक्षातही न येता चालायला हवा.

वीकली हे बुकिंग नाहीच. तो बुकिंगं तयार करणारा एक नियम आहे. त्याला वेगळा क्लास करा, रिकरन्सरूल म्हणा. तो टाइमस्लॉटची माळ देतो, त्यातून साधी बुकिंगं होतात आणि प्रत्येक बुकिंगला आपण कुठल्या नियमातून आलो ते माहीत असतं. 'फक्त हा मंगळवार कॅन्सल' मग आपोआप सोपं होतं.

अशा चुका मोठमोठ्यांनीही केल्या आहेत, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. जावाचा स्टॅक क्लास (ज्यात फक्त वरचीच वस्तू घालायची-काढायची) व्हेक्टर या यादीचा सबक्लास आहे. परिणाम असा की स्टॅकच्या मधोमध वस्तू खुपसता येते. इतक्या वर्षांत काढता आलं नाही, कारण जुने प्रोग्राम मोडतील. आता दस्तऐवजातच लिहून ठेवलंय की डेक वापरा.

नलपॉइंटर

मधोमध खुपसता येतं त्याला आम्ही रांग म्हणतो.

खडूफळा

अर्धविराम, वीकलीचा मुद्दा फार नेटका मांडलात. वर्गात वापरणार. एकच भर: हा दोष क्लास डायग्राममध्ये दिसतच नाही. पोकळ त्रिकोण काढला की चित्र निर्दोष दिसतं. 'येता मंगळवार कॅन्सल' या प्रसंगाचा सीक्वेन्स डायग्राम (कोण कोणाला कोणत्या क्रमाने काय सांगतं त्याचं चित्र) काढायला घेतला की पेन थांबतं. म्हणून मी विद्यार्थ्यांना क्लास डायग्राम शेवटी काढायला लावतो.

सांजवेळ

सर, मध्येच एक बाळबोध शंका. पोकळ हिरा आणि भरीव हिरा यांत मी कायम गोंधळते. रूम आणि बुकिंग यांच्यात कोणता?

खडूफळा

भरीव हिरा म्हणजे भाग एका वेळी एकाच पूर्णाचा, आणि पूर्ण नष्ट झालं की भागही त्याच्याबरोबर. कॅलेंडर आणि त्यातली बुकिंगं यांत तो शोभेल, जर रूम काढून टाकल्यावर जुन्या नोंदीही पुसायच्या असतील. अहवालासाठी त्या ठेवायच्या असतील तर नाही. बघा, हिऱ्याच्या निमित्ताने खरा प्रश्न विचारला गेला.

पोकळ हिरा सरळ सोडून द्या. यूएमएलच्या मानकातच म्हटलंय की त्याचा नेमका अर्थ क्षेत्रागणिक आणि काढणाऱ्यागणिक बदलतो. ज्या चिन्हाचा अर्थ वाचणाऱ्याला विचारावा लागतो त्यापेक्षा साधी रेघ बरी.

रानपाखरू

आणि मुलाखतीत हेच विचारतात!

ओसरी

मी डेटाबेसवाली. वरची सगळी चर्चा वाचली, छान आहे, पण एक रूम दोघांना जाणार आहे.

प्रसंग असा. अ ने विचारलं, मंगळवार १० ते ११ मोकळी आहे? कॅलेंडर म्हणालं, हो. त्याच क्षणी ब ने विचारलं, त्यालाही हो. मग दोघांचीही बुकिंगं साठवली गेली. तुमचा टाइमस्लॉट शंभर टक्के बरोबर आहे, कॅलेंडर बरोबर आहे, टेस्ट हिरव्या आहेत आणि मंगळवारी दाराशी दोन टीम उभ्या.

सीक्वेन्स डायग्राम काढायचाच असेल तर त्यात दोन मेंबरांच्या दोन उभ्या रेघा काढा आणि संदेश एकमेकांत गुंफा. विचारणं आणि साठवणं यांच्या मधली फट लगेच दिसते. पुस्तकी उदाहरणांत नेहमी एकच वापरकर्ता असतो, म्हणून ही फट कोणाला दिसत नाही. ती कुठल्याही पॅटर्नने बुजत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस असेल तर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावता येतं: रूम तीच आणि वेळेची रेंज एकमेकांवर आली तर डेटाबेसच दुसरी नोंद नाकारतो. मग कोडमधली तपासणी फक्त सभ्य उत्तर देण्यापुरती उरते.

दुसरं. कॅन्सल झालं की वेटिंग लिस्टला कळवायला तुम्ही ऑब्झर्व्हर (घटना घडली की नाव नोंदवलेल्यांना कळवणारा पॅटर्न) वापरणार, हे दिसतंच आहे. छान. पण ऑब्झर्व्हरने ट्रान्झॅक्शन (सगळे एकत्र पक्के किंवा एकत्र रद्द होणारे डेटाबेसमधले बदल) संपायच्या आत मेल पाठवला आणि ट्रान्झॅक्शन मागे फिरलं, तर रूम भरलेलीच राहते आणि 'रूम मोकळी झाली' हा मेल गेलेला असतो. तो परत बोलावता येत नाही. त्यापेक्षा 'हा मेल पाठवायचा आहे' अशी नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये एका टेबलात करायची आणि ती वाचून मेल पाठवायचं काम दुसऱ्या प्रक्रियेला द्यायचं. याला आउटबॉक्स म्हणतात. हाही पॅटर्नच, फक्त त्या २३ मधला नाही.

जुनाखांब

ओसरीताई, दंडवत. दोन उभ्या रेघांची युक्ती उचलली आहे.

तिरकस_बाण

डेटाबेसकडून न्याय मिळाला एकदाचा. या धाग्यावर मघापासून 'कोण कोणाला विचारतं' चाललंय, पण खरं काय ते टेबलात असतं.

अर्धविराम

तिरकसराव, पूर्ण सहमत नाही. टेबल 'दोन नोंदी एकमेकांवर नकोत' हे सांभाळतं. 'मीटिंग सुरू झाल्यावर कॅन्सल करता येत नाही, पण लवकर संपवता येते' हे कोण सांभाळणार? तो नियम वर्तनाचा आहे. इथे मला एकाच डायग्रामचा खरा उपयोग होतो, तो म्हणजे स्टेट डायग्राम. बुकिंगच्या स्थिती लिहा: मागितलेलं, पक्कं, चालू, संपलेलं, रद्द. मग एक तक्ता करा, आडव्या ओळीत स्थिती, उभ्या स्तंभात घटना, आणि प्रत्येक घर भरा. 'चालू' आणि 'कॅन्सल' यांच्या घरात काय लिहायचं हे कोणालाच माहीत नसतं. तेच घर घेऊन रिक्वायरमेंट देणाऱ्याकडे जायचं. हे माझ्या लेखी यूएमएलचं सगळ्यात मोलाचं चित्र, आणि त्याचं मूळ यूएमएलच्याही आधीचं, डेव्हिड हॅरेल यांच्या १९८७ च्या स्टेटचार्टमध्ये.

कोडमध्ये यासाठी लगेच स्टेट पॅटर्न हवा असं नाही. पाच स्थिती, चार घटना, एक ईनम (ठरावीक स्थितींची यादी) आणि एक स्विच (स्थितीनुसार वाट निवडणारं विधान) पुरतो. प्रत्येक स्थितीत वागणं खूपच निराळं झालं की मग प्रत्येकीचा क्लास करायचा.

शेवाळ

स्टेट आणि स्ट्रॅटेजी यांत फरक काय? दोन्हींचे क्लास डायग्राम शेजारी ठेवले, नावं सोडली तर एकच चित्र आहे.

जुनाखांब

शाब्बास! या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न. चित्र खरोखरच एक आहे: एक क्लास, त्याच्याकडे एका इंटरफेसचा संदर्भ, इंटरफेसखाली दोन-तीन अंमलबजावण्या. फरक चित्राबाहेर आहे. स्ट्रॅटेजी बाहेरून कोणीतरी निवडून देतो आणि ती सहसा तशीच राहते. कॅन्सलेशनचा कोणता नियम लावायचा हे रूमच्या सेटिंगवरून ठरलं, विषय मिटला. स्टेट मात्र घटनांमुळे आपोआप बदलत राहते, आणि बऱ्याचदा पुढची स्थिती कोणती हे आधीची स्थितीच ठरवते. डेकोरेटर आणि प्रॉक्सी यांचंही तसंच. दोघंही त्याच इंटरफेसचं सोंग घेऊन आत दुसऱ्याला धरून असतात. एक भर घालतो, दुसरा दाराशी उभा राहून आत सोडायचं की नाही ते ठरवतो.

सांजवेळ, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. पॅटर्न चित्रांवरून पाठ केलेत म्हणून वेळेवर आठवत नाहीत, कारण कोड लिहिताना समोर चित्र नसतं, दुखणं असतं. तुमच्या वहीत प्रत्येक पॅटर्नच्या पानावर चित्राऐवजी दुखणं लिहा. 'नवा प्रकार आला की तोच स्विच पाच फाइलींत बदलावा लागतोय.' 'या क्लासची टेस्ट करायची तर खरा मेल जातोय.' 'दोन पर्याय एकत्र हवेत म्हणून तिसरा सबक्लास, तीन पर्याय म्हटल्यावर सातवा.' हे शेवटचं दुखणं म्हणजे डेकोरेटर. जावाच्या स्ट्रीम तशाच केल्या आहेत, फाइलच्या स्ट्रीमवर बफर, त्यावर झिप, हवं ते हवं त्या क्रमाने गुंडाळा.

आणि सराव असा: आधी पॅटर्नशिवाय, सगळ्यात साधं लिहायचं. मग स्वतःलाच दुसरी रिक्वायरमेंट द्यायची आणि बदल किती ठिकाणी करावा लागला ते बघायचं. एकाच ठिकाणी झाला तर पॅटर्नची गरज नव्हती. पाच ठिकाणी झाला तर आता रिफॅक्टर करून, म्हणजे काम तेच ठेवून कोडची रचना बदलत, पॅटर्नपर्यंत पोहोचायचं. असा पोहोचलेला पॅटर्न विसरत नाही.

तिरकस_बाण

याला मात्र पूर्ण +१. मी फक्त रिफॅक्टर करून फंक्शनपर्यंत पोहोचेन.

रानपाखरू

डायग्राम काढायला टूल कोणतं वापरता? ऑफिसातलं टूल उघडायलाच इतका वेळ घेतं की तोवर डिझाइन बदलतं.

ओसरी

प्लांटयूएमएल. मजकूर लिहायचा, चित्र ते काढतं. फाइल कोडशेजारी गिटमध्ये राहते आणि कोणी बाण बदलला तर रिव्ह्यूत दिसतो. मर्मेडही चालेल. पण पहिला मसुदा कागदावर. टूलमध्ये काढलेलं चित्र फाडायला जीव होत नाही.

जुनाखांब

कोडवरून आपोआप चित्र काढणाऱ्या टूलांच्या नादी मात्र लागू नका. प्रत्येक गेटर दिसतो आणि कशासाठी ते कुठेच दिसत नाही. चांगल्या चित्रात सात-आठ चौकटी, बाकी मुद्दाम गाळलेलं. काय गाळायचं हे टूलला कसं कळणार?

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा दोनदा वाचला, मग बसून पुन्हा केलं. काय झालं ते टाकते, सुधारणा सांगा.

आधी खांबकाकांची यादी केली, बदलू शकणाऱ्या निर्णयांची. मग तीन प्रसंग निवडले: बुक करणं, मालिकेतला एक मंगळवार कॅन्सल करणं, दोघांनी एकाच वेळी तीच रूम मागणं. प्रत्येकाचा सीक्वेन्स डायग्राम कागदावर. दुसऱ्याचा असा झाला:

मेंबर → बुकिंग सर्व्हिस : हे बुकिंग कॅन्सल कर
बुकिंग सर्व्हिस → बुकिंग : कॅन्सल हो (आत्ताची वेळ)
बुकिंग → कॅन्सलेशन पॉलिसी : आता चालेल का?
बुकिंग सर्व्हिस → आउटबॉक्स : 'स्लॉट मोकळा झाला' नोंदव

मॅनेजर गेला. त्याच्या जागी बुकिंग सर्व्हिस आहे, पण ती फक्त क्रम लावते आणि ट्रान्झॅक्शन सांभाळते, निर्णय घेत नाही. वीकलीबुकिंग गेलं, रिकरन्सरूल आला. टाइमस्लॉटच्या टेस्ट सगळ्यात आधी लिहिल्या. क्लास डायग्राम शेवटी काढला, त्यात वेटिंगलिस्ट सोडून सगळ्या चौकटींत काहीतरी काम आहे. वेटिंगलिस्ट अजूनही नुसती यादीच आहे, तिच्याशी काय करावं सुचत नाही.

अर्धविराम

'आत्ताची वेळ' बाहेरून दिलीत हे फार आवडलं, टेस्टमध्ये घड्याळाशी मारामारी नको. एक पाहा: रिकरन्सरूलमध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवू नका. दर मंगळवारी सकाळी १० ची मीटिंग लोकांच्या घड्याळात १० ला हवी असते. ज्या टाइमझोनमध्ये उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात तिथे यूटीसीतली मालिका एक तास सरकते. स्थानिक वेळ आणि झोनचं नाव नियमात ठेवा, स्लॉट तयार करताना रूपांतर करा.

खडूफळा

बुकिंगने पॉलिसीला स्वतःच विचारायचं, की सर्व्हिसने विचारून मग बुकिंगला सांगायचं, यावर वाद घालता येईल. मी तुमच्या बाजूने आहे. उद्या कोणी दुसऱ्या वाटेने कॅन्सल करायला गेलं तरी नियम चुकवता येणार नाही.

ओसरी

वेटिंगलिस्ट रिकामी वाटते कारण एक प्रश्न अजून विचारलेला नाही. स्लॉट मोकळा झाल्यावर पहिल्या माणसाला रूम आपोआप द्यायची, की विचारून? विचारून असेल तर तो उत्तर देईपर्यंत स्लॉट कोणासाठी तरी राखून ठेवावा लागेल. म्हणजे अर्धविराम यांच्या तक्त्यात आणखी एक स्थिती, आणि किती वेळाने राखीव सुटतं त्याचा नियम. पुढच्या माणसाकडे कधी सरकायचं हे ठरवणं वेटिंगलिस्टचं काम.

सांजवेळ

हे रिक्वायरमेंटमध्ये कुठेच नाही! उद्या विचारते आणि उत्तर मिळालं की स्थितींचा तक्ता इथे टाकते.

नलपॉइंटर

'दोन्ही पर्याय ठेवा, सेटिंगमधून ठरवू' असं उत्तर येणार. इंटरफेस तयार ठेवा.

शेवाळ

पुभाप्र. तक्त्याची वाट बघतोय.